ग्यांत्सेचे दार कोणी उघडले आणि कोणी लावले

तिबेटविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले-बोलले जाते, त्यात एक समज पक्का रुजलेला आहे. हा देश शतकानुशतके जगापासून तुटून पडला होता, आणि १९०४ साली फ्रान्सिस यंगहजबंडच्या मोहिमेने त्याची दारे उघडली, असा तो समज. 'निषिद्ध देश' हे विशेषण त्याच्या जोडीला असतेच. हे चित्र इंग्रजांच्या सोयीचे होते. ते आपण आजही तसेच्या तसे बाळगावे, हे मला मान्य नाही.

पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. १८११ मध्ये टॉमस मॅनिंग ल्हासाला पोहोचला, पण त्यानंतर इंग्रजांना ती वाट बंदच राहिली. शरच्चंद्र दास १८८१-८२ मध्ये गुप्तपणे ल्हासाला जाऊन आले. त्यांना आसरा देणाऱ्या सेंगचेन लामांना पुढे नदीत बुडवून मारण्यात आले. लॉर्ड कर्झनने तेराव्या दलाई लामांना पाठवलेली पत्रे न उघडता परत आली. तेव्हा बंदी होती, आणि ती कठोरही होती. पण बंदी कोणासाठी होती, केव्हापासून होती आणि का होती, हे तीन प्रश्न विचारले की समज डळमळू लागतो. त्यांची उत्तरे शोधायला ल्हासापेक्षा ग्यांत्से हे गाव बरे. ल्हासा राजधानी होती, तिच्याभोवती गूढतेचे वलय उभे करणे सोपे होते. ग्यांत्से हे बाजाराचे गाव.

न्यांग छू नदीच्या रुंद, सपाट खोऱ्यात सुमारे चार हजार मीटर उंचीवर ते वसले आहे. मधोमध एकच सुळकेदार खडक उठतो, त्यावर किल्ला. समोरच्या डोंगराच्या कुशीत तटबंदीच्या आत पेल्खोर छोदे हा मठ, आणि दोहोंच्या मध्ये वस्ती व बाजारपेठ. खोऱ्यात सातू मुबलक पिकतो, आणि सातूचे पीठ हेच तिबेटी माणसाचे रोजचे अन्न. पण गावाचे खरे धन त्याच्या वाटांत होते. पूर्वेची वाट पाच हजार मीटरहून उंच कारो ला खिंड ओलांडून यामद्रोक सरोवराच्या काठाने ल्हासाला जाते. वायव्येची नदीच्या प्रवाहाबरोबर सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या शिगात्सेला उतरते आणि तिथे नदी त्सांगपोला, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेला, मिळते. दक्षिणेची फारीवरून चुंबी खोऱ्यात, आणि तिथून जेलेप ला किंवा नाथू ला ओलांडून सिक्कीम व कालिम्पाँगकडे येते. फारीजवळची तांग ला खिंड उंच असली तरी ऐसपैस पठारी आहे. लोकरीचे गठ्ठे लादलेली खेचरे तिच्यावरून वर्षानुवर्षे जात आली. हिमालय ही भिंत आहे असे म्हणणाऱ्याने ही वाट एकदा नकाशावर बोटाने चालून पाहावी.

या वाटांवरच गाव श्रीमंत झाले. चौदाव्या शतकात साक्य सत्तेच्या सेवेतून वर आलेल्या घराण्याने इथे आपले राज्य बसवले. त्यातला रबतेन कुनझांग फाक (१३८९ ते १४४२) हा सर्वात मोठा. त्याने १४१८ मध्ये पेल्खोर छोदेचे काम सुरू केले आणि १४२७ मध्ये कुंबुम या स्तूपाचे. मजल्यांवर मजले चढत जाणारा हा स्तूप म्हणजे आत शिरता येणाऱ्या देवळ्यांची चळतच आहे. भिंतींवरच्या चित्रांत नेवारी हाताची वळणे आहेत, चिनी वस्त्रांच्या चुण्या आहेत, आणि या दोहोंतून घडलेली अस्सल तिबेटी शैली आहे. चित्रकारांची आणि त्यांच्या गावांची नावे भिंतींवर कोरीव अक्षरांत नव्हे, रंगातच लिहून ठेवलेली आहेत. जुझेप्पे तुच्ची या इटालियन पंडिताने ते लेख वाचून १९४१ मध्ये ग्यांत्सेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे बाहेरच्या अभ्यासकांना हे भांडार कळले. त्याच पंधराव्या शतकाच्या आरंभी बोधगयेचे शेवटचे महंत मानले जाणारे शारिपुत्र मिंग दरबाराकडे जाताना ग्यांत्सेला थांबले होते. नेपाळचे कसब, चीनची वस्त्रे, मगधाचा भिक्षू हे सारे एका लहानशा गावात एका पिढीच्या आत दिसते. तुटलेल्या देशाची ही लक्षणे नव्हेत. शिवाय त्याच आवारात साक्य, गेलुग आणि शालू अशा वेगवेगळ्या परंपरांची महाविद्यालये शेजारी शेजारी नांदत होती.

व्यापाराची गोष्ट याहून बोलकी आहे. १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जचा दूत जॉर्ज बोगल पंचेन लामांच्या भेटीला निघाला, तो ग्यांत्सेवरूनच गेला. त्याला वाट कोणामुळे मिळाली? पुरणगीर नावाच्या गोसाव्यामुळे. पंचेन लामांचे पत्र हेस्टिंग्जकडे घेऊन येणाऱ्यांत हाच पुरणगीर होता, आणि पुढे हावडाजवळ घुसुडीच्या भोट बागान मठाचा कारभारही त्याच्याकडे आला. पेशवाईतल्या पुण्यात सावकारी करणारे गोसावी ज्या दशनामी संप्रदायातले, त्याच संप्रदायातला हा माणूस. गोसाव्यांना तिबेट निषिद्ध नव्हता. काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांना नव्हता, लडाख्यांना नव्हता, नेवारांना तर मुळीच नव्हता. काठमांडू खोऱ्यातल्या मल्ल राजांची चांदीची नाणी तिबेटच्या बाजारात दीर्घकाळ चालत होती, आणि १८५६ च्या थापाथली तहाने नेपाळी व्यापाऱ्यांना तिथे खास हक्क मिळाले.

नैनसिंह रावत यांचे उदाहरण मला निर्णायक वाटते. सर्वे खात्याचा हा कुमाऊनी पंडित जपमाळेवर पावले मोजत १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. त्याच्याही वाटेत ग्यांत्से होते. बंद देशात शिरण्याचा पराक्रम म्हणून ही कथा सांगतात. पण त्याने वेष कोणता घेतला होता? व्यापाऱ्याचा. तो लडाखी व्यापाऱ्यांच्या तांड्यात सामील झाला. असे तांडे नेहमीचे नसते, तर तो वेष दुसऱ्याच मुक्कामाला उघडा पडला असता.

मग बंदी आली कुठून? १७९१ मध्ये गुरख्यांनी शिगात्सेजवळचा ताशी ल्हुन्पो मठ लुटला. १७९२ मध्ये चिंग फौजेने त्यांना मागे रेटले, आणि पुढच्या वर्षी पेकिंगने सीमांवर कडक नियम लादले. गुरख्यांच्या मागे इंग्रज आहेत हा संशय तेव्हाच बळावला. पुढच्या शतकाने तो पुसला नाही, उलट खरा ठरवला: १८१६ ला नेपाळचा मुलूख कापला गेला, १८३५ ला दार्जिलिंग गेले, १८६५ ला भूतानचे दुआर गेले, १८९० ला सिक्कीमवरचे इंग्रजांचे आधिपत्य चीनशी करार करून पक्के झाले आणि त्यात तिबेटला कोणी विचारलेही नाही. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर एकेक पाऊल पुढे सरकणारी सत्ता ज्याला दिसते, त्याने त्या सत्तेच्या माणसांना मज्जाव करणे हे राजकारण आहे. त्याला एकांतप्रिय स्वभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

आता १९०४ कडे येऊ. ३१ मार्चला गुरू या ठिकाणी तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेट्यांवर मॅक्झिम तोफांनी गोळीबार झाला, काही शेकडा माणसे काही मिनिटांत पडली. ६ जुलैला ग्यांत्सेचा किल्ला पडला. तटाला खिंडार पाडून आत शिरणाऱ्यांत गुरखा पलटणीतला लेफ्टनंट ग्रँट आणि हवालदार करबीर पुन पुढे होते. एकाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दुसऱ्याला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. लढणारे बहुतेक शिपाई शीख आणि गुरखे होते, म्हणून हा इतिहास आपलाही आहे आणि तो आपण नीट वाचायला हवा. ७ सप्टेंबरला ल्हासात तह झाला. त्याने ग्यांत्से आणि गारतोक इथे व्यापारी ठाणी ठरली, आणि 'उघडले' हा शब्द इथून सुरू होतो. त्याच तहाचे नववे कलम मात्र क्वचितच कोणी सांगतो. इंग्रज सरकारच्या पूर्वसंमतीखेरीज तिबेटने कोणत्याही परक्या सत्तेला जमीन देऊ नये, तिचा प्रतिनिधी येऊ देऊ नये, रेल्वे, रस्ते, तारायंत्र किंवा खाणी यांच्या सवलती देऊ नयेत, असे ते कलम आहे. दार उघडणाऱ्यांनी किल्ली आपल्या खिशात टाकली. ग्यांत्सेला इंग्रजांचे ठाणे, टपाल आणि तार आली. लोकर मात्र तिबेटी घराण्यांच्याच खेचरांवरून कालिम्पाँगला येत राहिली.

एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते, ती झाकत नाही. १९२३ मध्ये ग्यांत्सेला फ्रँक लडलोच्या हाताखाली इंग्रजी शाळा सुरू झाली, आणि तिबेटी सनातन्यांच्या विरोधामुळे १९२६ मध्ये बंद पडली. हा दोष तिबेटचाच. त्याची किंमत पुढे त्या देशाने मोजली, कारण जगाशी जगाच्या भाषेत बोलू शकणारी पिढी त्याला ऐन वेळी मिळाली नाही. पण शाळा बंद करणे आणि बाजार बंद करणे यात फरक आहे. बाजार चालूच होता.

चीनचे सरकारी कथन याच्या उलट टोकाचे दिसते. त्यात ग्यांत्से म्हणजे इंग्रजांशी लढलेले वीरनगर. शौर्य खरेच होते, पण त्या कथनातही गावाचे आयुष्य १९०४ च्या काही महिन्यांत कोंडले जाते आणि पाच शतकांची पेठ गडप होते.

ही पेठ आपल्याला बंद झाली ती विसाव्या शतकात. १९४७ नंतर ग्यांत्सेचे ठाणे भारताकडे आले. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन कराराने यातुंग, ग्यांत्से आणि गारतोक इथल्या भारतीय व्यापारी कचेऱ्या मान्य केल्या. त्याच वर्षीच्या जुलैत न्यांग छूला महापूर आला आणि ग्यांत्सेची भारतीय कचेरी माणसांसकट वाहून गेली. कराराची आठ वर्षांची मुदत जून १९६२ मध्ये संपली, ती वाढवली गेली नाही. पाठोपाठ युद्ध आले आणि नाथू ला बंद झाली.

६ जुलै २००६ रोजी, किल्ला पडला त्याच तारखेला, नाथू ला ठरावीक मालाच्या यादीपुरती पुन्हा खुली झाली. त्या व्यवस्थेत भारतीय व्यापाऱ्याला चुंबी खोऱ्यातल्या रिंचेनगांगच्या बाजारापर्यंत जाण्याची मुभा होती. पुरणगीर आणि नैनसिंह ज्या गावातून गेले, ते ग्यांत्से त्याच्या कितीतरी पुढे आहे.