आडनाव नको, नंबर शोधा

समजा, तुमचे खापरपणजोबा कोकणातून मुंबईमार्गे मॉरिशसला मजुरीला गेले. त्यांचं गाव कसं सापडेल? जनगणनेवर भिस्त ठेवू नका. १८८१ च्या भारतीय जनगणनेचे छापील तक्ते आकडे देतात, माणसांची नावं नाही. आडनावही दगा देतं: नोंदीत बहुधा माणसाचं आणि बापाचं नाव असे, आणि पुढे त्यातलंच एक कुटुंबाचं आडनाव होऊन बसे.

मग धरायचं काय? तर नंबर. पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. पुढच्या कागदांत, बऱ्याचदा मुलांच्या जन्मदाखल्यातही, तो सापडतो. हा क्रमांक घेऊन मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्या बघा: जहाज, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव.

गावाचं नाव साहेबाने कानाला लागेल तसं रोमनमध्ये लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाचा, आणि मगच नकाशा उघडा. जिल्हा रत्नागिरी असेल तर सिंधुदुर्गातही शोधा. तो १९८१ मध्ये रत्नागिरीतूनच वेगळा झाला. माणसाला नुसता आकडा करणारी ही व्यवस्था, पण घरचा पत्ता आज त्या आकड्यामुळेच लागतो.