शिट्टी कोणाच्या हाती?

महाविद्यालयीन फुटबॉल सामन्यात पंचाने पेनल्टी दिली की हरणाऱ्या बाजूकडून एकच आरोप ऐकू येतो : ‘पंच त्यांचा आहे.’ खेळाडूवृत्तीचे पाठ देणारे तो रडीचा डाव म्हणून झटकून टाकतात. परंतु आरोप कोण करतो, कोणावर करतो आणि कोणत्या समाजात करतो, हे पाहिल्याशिवाय त्याचा निकाल लावता येत नाही.

पेनल्टीचा नियमच मुळी तक्रारीतून जन्मला. आयर्लंडमधील गोलरक्षक विल्यम मॅक्रम यांनी ही सूचना मांडली आणि 1891 साली ती नियमात आली. त्यापूर्वी दोन्ही संघांचे आपापले पंच असत व त्यांचे जमले नाही तर मैदानाबाहेरील रेफरीला विचारले जाई. रेफरी मैदानात आला तोही 1891 सालीच. या नियमाला इंग्लंडच्या प्रतिष्ठित वर्तुळातून विरोध झाला. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून पाय घालील, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली. जन्माने थोर असलेला अन्याय करणारच नाही, हे गृहीतक आपल्या परिचयाचे नाही काय? येथील वर्णव्यवस्था याच गृहीतकावर उभी राहिली आणि न्यायाचे आसनही तिने त्याच हाती दिले.

पळवणकर बाळू यांचा इतिहास या दृष्टीने वाचावा. चांभार कुटुंबातला हा डावखुरा गोलंदाज. त्यांच्या चेंडूने यष्टी उडाली म्हणजे पंचाला जात पाहायला जागा उरत नसे. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्याच हिंदू सहकाऱ्यांच्यात त्यांना चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. 1920 साली धाकटे बंधू विठ्ठल यांचा हक्क डावलला गेला, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले. म्हणजे सर्वांत पक्षपाती निर्णय शिट्टी वाजण्यापूर्वी, निवड समितीच्या खोलीत झाला होता. आणि तो बदलला तो मुकाट सोसण्याने नव्हे, तर बोलण्याने.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा अनुभव हेच सांगतो. प्राइस व वुल्फर्स या अभ्यासकांनी हजारो सामन्यांच्या नोंदी तपासल्या. पंच एका वर्णाचे आणि खेळाडू दुसऱ्या वर्णाचा असेल तर त्याच्याविरुद्ध फाउल अधिक दिले जातात, असे त्यांना आढळले. 2007 साली हे वृत्तपत्रांत गाजले. त्यानंतरच्या वर्षांची तपासणी झाली तेव्हा तो भेद दिसेनासा झाला होता. पंचांनी मुद्दाम कपट केले असेल असे नाही. पूर्वग्रह नकळत काम करतो, आणि म्हणूनच तो उजेडात आणावा लागतो.

नागपूरला हा प्रश्न परका नाही. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टीतील मुलांना घेऊन फुटबॉलचे काम सुरू केले. 2022 साली ‘झुंड’ चित्रपटाने ते देशभर पोचविले. नंदनवनसारख्या वस्तीतला मुलगा आज महाविद्यालयाच्या मैदानावर उतरतो, तेव्हा पायात चेंडू येण्याआधीच त्याच्या आडनावाचा, भाषेचा, बुटांचा निवाडा होण्याची भीती त्याच्या मनात असते. प्रत्येक पेनल्टी पक्षपाती नसते, हे त्यालाही कळते. चुकलेला निर्णय आणि झुकलेला निर्णय यांतला फरक मात्र एका सामन्यावरून ठरत नाही. त्यासाठी नोंदी ठेवाव्या लागतात, पंचांच्या नेमणुका उघड कराव्या लागतात आणि शिट्टी आपल्याही मुलामुलींच्या हाती यावी लागते.

पंचाचा निर्णय मैदानावर अंतिम मानावाच. त्याविना खेळ चालत नाही. परंतु पंच कोणी नेमावा, हा प्रश्न मैदानाबाहेरचा आहे, आणि तेथे कोणताही निर्णय अंतिम नसतो.