सीमोल्लंघन आणि शेजार

आपल्या मराठी भाषेत एक शब्द आहे – मुलूखगिरी. पावसाळा सरला, पिकं हाताशी आली, नद्यांना उतार मिळाला की दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि फौज घेऊन मोहिमेवर निघायचं. आज आपण सीमोल्लंघन करतो म्हणजे आपट्याची पानं वाटून एकमेकांकडे फराळाला जातो. पण शब्दाचा सरळ अर्थ पाहा. सीमा ओलांडणे. कोणाची सीमा? अर्थातच शेजाऱ्याची.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. ते युद्ध अजून चालू आहे. सुरुवातीचे काही आठवडे आपण सगळेच टीव्हीसमोर बसून होतो, कारण आपल्या देशाचे हजारो विद्यार्थी तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होते. ‘ऑपरेशन गंगा’तून ती मुलं परत आली आणि हळूहळू आपलं लक्ष उडालं. आता बातमीच्या पट्टीत एखाद्या शहरावर ड्रोन पडल्याचं वाचतो आणि पान उलटतो. लांबचं युद्ध असं लवकर जुनं होतं. पण आपण ज्या भोपाळमध्ये राहतो, त्या शहरानेही हे सगळं सोसलेलं आहे, आणि त्यातल्या एका वेढ्यात तटाबाहेर आपलीच माणसं उभी होती. म्हणून हा लेख. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पदविका घेऊन सरकारी नोकरीत लागलेला माणूस आहे. पण ज्या शहरात आपण पिढ्यान् पिढ्या राहतो त्याचा इतिहास दोन्ही बाजूंनी ठाऊक असावा, असं मला वाटतं.

१७३७ : आपल्या आवडीचं पान

भोपाळच्या लढाईची गोष्ट आपल्या घरांतून अभिमानाने सांगितली जाते, आणि ती अभिमानाची आहेही. १७३७ च्या मार्चमध्ये थोरले बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन आले. घाबरलेल्या बादशहाने निजाम-उल्-मुल्काला दक्षिणेतून बोलावून घेतलं आणि मराठ्यांना माळव्यातून घालवण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली. मोठं सैन्य, जड तोफखाना, सोबत काही राजपूत व बुंदेले सरदार, असा निजाम डिसेंबरमध्ये भोपाळला पोहोचला. बाजीराव नर्मदा उतरून समोर आले. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे त्यांच्याबरोबर होते.

निजामाने तटबंदी आणि तलाव यांचा आडोसा घेतला. मराठ्यांकडे तट फोडायला जड तोफा नव्हत्या, म्हणून बाजीरावांनी तट फोडलाच नाही. त्यांनी रस्ते तोडले. रसद बंद झाली, जनावरांना चारा मिळेना, धान्याचे भाव आकाशाला भिडले. दक्षिणेतून निजामाच्या मुलाची, नासिरजंगाची कुमक येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीकाठी दबा धरून होते. शेवटी निजामाने तह मागितला. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा सराई इथे तह झाला. संपूर्ण माळवा, नर्मदा ते चंबळ यांमधला मुलूख आणि ५० लाख रुपये, हे निजामाने शपथेवर कबूल केलं. ते दोराहा आज सीहोर जिल्ह्यात आहे, आपल्यापासून अगदी जवळ.

निजाम कसलेला सेनापती होता आणि त्याला असं अडकवणं ही युद्धशास्त्रातली मोठी कामगिरी होती, यात वाद नाही. पण मला प्रश्न पडतो तो भोपाळकरांचा. त्या वेळी इथे दोस्त मोहम्मद खानाचा मुलगा यार मोहम्मद खान राज्य करत होता, तोही निजामाच्याच पाठबळावर गादीवर बसलेला. गाव लहान. दोन मोठ्या फौजा येऊन ठेपल्या, आसपासची पिकं तुडवली गेली, दाणागोटा संपला. ज्या शेतकऱ्याचं शेत त्या छावण्यांखाली आलं, त्याला निजाम काय आणि पेशवे काय! त्याचं नाव कुठल्याच पत्रात नाही.

दोराह्याच्या शपथेचं पुढे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. वर्षभरात नादिरशहा दिल्लीवर चालून आला आणि तहाच्या अटी कागदावरच राहिल्या. १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारले. माळव्याचं रीतसर फर्मान १७४१ मध्ये नानासाहेबांना मिळालं. शपथ झाली म्हणून काही मिळत नाही, मागे ताकद असेल तरच मिळतं, हा त्या काळचा व्यवहार. आजचा तरी कुठे वेगळा आहे? १९९४ मध्ये बुडापेस्ट इथे युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडून देण्याचं मान्य केलं, आणि त्याच्या सीमांचा आदर करण्याचं आश्वासन रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी सहीनिशी दिलं. वीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच रशियाने क्रिमिया घेतलं.

१८१२-१३ : आपण न उघडलेलं पान

पंचाहत्तर वर्षांनी मराठी फौजा पुन्हा भोपाळसमोर आल्या. ही गोष्ट मात्र आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाही. ग्वाल्हेरचे शिंदे आणि नागपूरचे भोसले यांनी मिळून भोपाळला वेढा घातला. शिंद्यांकडून जगू बापू आणि भोसल्यांकडून सादिक अली, असे दोन सेनापती. आत होता वजीर मोहम्मद खान, थोड्या फौजेनिशी. यात हिंदू-मुसलमान असं काही नव्हतं. नागपूरच्या हिंदू राजाचा सेनापती मुसलमान होता. मुलूख हवा होता आणि शेजारी दुबळा दिसत होता, एवढंच कारण.

वेढा कित्येक महिने चालला. शहरात उपासमार झाली. बाहेरची फौज आतल्यांच्या अनेक पटींनी मोठी होती. तटाला खिंडार पडलं तेव्हा शहरातल्या बायकांनी वरून दगडविटांचा मारा केला, असं भोपाळच्या इतिहासात सांगतात. शहर पडलं नाही. सादिक अलीने आपल्याला स्वप्नात दृष्टान्त झाल्याचं सांगून फौज मागे घेतली. स्वप्न खरं की थकलेल्या सेनापतीची सबब, ते त्यालाच माहीत. मध्य हिंदुस्थानचा वृत्तान्त लिहिणाऱ्या सर जॉन माल्कमनेही या वेढ्याची नोंद विस्ताराने केली आहे.

आता पुढची पाच वर्षं पाहा. भोपाळ वाचलं, पण शेजाऱ्यांवरचा विश्वास कायमचा उडाला. वजीर मोहम्मद १८१६ मध्ये वारला. त्याचा मुलगा नजर मोहम्मद इंग्रजांकडे गेला आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये त्याने त्यांच्याशी तह केला. त्याच्या मोबदल्यात इंग्रजांनी भोपाळला पाच महाल दिले : आष्टा, इछावर, सीहोर, देवीपुरा आणि दोराहा. होय, तेच दोराहा, जिथे ऐंशी वर्षांपूर्वी निजामाने बाजीरावांपुढे मान तुकवली होती.

आणि वेढा घालणारे? नोव्हेंबर १८१७ मध्ये शिंद्यांना इंग्रजांच्या तहावर सही करावी लागली. त्याच महिन्यात नागपूरचे भोसले सीताबर्डीला हरले. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव शरण गेले, आणि गेले कोणाकडे, तर त्याच माल्कमकडे. जे पाच वर्षांपूर्वी भोपाळ गिळायला निघाले होते, ते सगळेच इंग्रजांच्या पंगतीत खालच्या पाटावर बसले. दोन शेजारी भांडले आणि घर तिसऱ्याचं झालं.

दुबळ्या शेजाऱ्यावर चालून जाणाऱ्याला हे कळत नाही की आपण त्याला दुसऱ्या कोणा बलवानाच्या दारात ढकलतो आहोत. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा नाटो आपल्या सीमेशी येते आहे, ही रशियाची तक्रार होती. झालं काय? सोव्हिएत फौजांनी नोव्हेंबर १९३९ मध्ये ज्या फिनलंडवर आक्रमण केलं होतं, आणि जो नंतर इतकी वर्षं तटस्थ राहिला होता, तो एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला. दोनशे वर्षं कोणत्याही लष्करी गटापासून दूर राहिलेला स्वीडन मार्च २०२४ मध्ये गेला. नजर मोहम्मदाने केलं तेच त्यांनी केलं.

कारण प्रत्येकाकडे असतं

आक्रमण करणारा कधीच म्हणत नाही की मी आक्रमण करतो आहे. हिटलरने १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला तो तिथल्या जर्मनांच्या रक्षणासाठी. सद्दाम हुसेनने ऑगस्ट १९९० मध्ये कुवेत घेतलं, कारण म्हणे तो इराकचाच प्रांत. रशियाच्या भाषेत युक्रेनमध्ये चालली आहे ती ‘विशेष लष्करी कारवाई’. आपल्याकडे शब्द होते चौथ आणि सरदेशमुखी. हक्क होता, सनदा होत्या. पण त्या हक्काची वसुली १७४२ नंतर बंगालमध्ये कशी झाली ते बंगाली माणसाला विचारावं. भोसल्यांच्या फौजा जवळजवळ दहा वर्षं त्या प्रांतावर जात राहिल्या. सरकारी घोड्यावर बसणारा आपला साधा ‘बारगीर’ तिकडे ‘बर्गी’ झाला, आणि त्याचं नाव घेऊन आया मुलांना झोपवू लागल्या. १७५१ च्या तहात ओरिसा आणि सालीना १२ लाखांची चौथ मिळाली. पण अंगाईतलं ते नाव अजून पुसलेलं नाही.

याचा अर्थ असा नव्हे की मराठ्यांचा इतिहास लाजेचा आहे. शिवछत्रपतींचं स्वराज्य हे आपल्या भूमीवर आपलं राज्य असावं म्हणून उभं राहिलं. औरंगजेब दक्षिणेत उतरला तेव्हा सत्तावीस वर्षांच्या झुंजीत महाराष्ट्र नमला नाही. आज युक्रेनचा माणूस जे करतो आहे ते आपल्याला इतक्या लवकर समजावं, कारण आपल्या पूर्वजांनी ते केलेलं आहे. पण त्याच पूर्वजांच्या नातवंडांनी पुढे दुसऱ्यांच्या वेशीवर छावण्या टाकल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगायची आणि दुसरी झाकायची, तर मग रशियाच्या पाठ्यपुस्तकांना नावं ठेवायचा आपल्याला अधिकार उरत नाही.

दुसरं येणं

१ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि भोपाळ राजधानी. तेव्हा इथे मराठी कुटुंबं कुठून आली? मुख्यतः जुन्या राजधानीतून म्हणजे नागपुरातून, आणि मध्य भारतातल्या ग्वाल्हेर-इंदुरातून. १८१२ साली ज्या दोन शहरांतून फौजा आल्या होत्या, त्याच दोन शहरांतून १४४ वर्षांनी आपले आजोबा आले. या खेपेला हातात बदलीचे आदेश होते, सोबत ट्रंका, वळकट्या आणि फायलींचे गठ्ठे. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरांत चुली मांडल्या गेल्या. शेजारी उर्दू बोलणारे, बुंदेली बोलणारे, माळवी बोलणारे. मुलं एकत्र शाळेत गेली. गणपती बसले, मंडळं झाली, आरतीला शेजारीही येऊ लागले.

त्या फौजांना महिनोन् महिने वेढा घालून या शहरात पाऊल टाकता आलं नाही. आपल्या आजोबांना मात्र शहराने आत घेतलं, कारण ते राहायला आले होते, घ्यायला नव्हे. मला वाटतं, भोपाळच्या मराठी माणसाने मुलांना सांगायचा इतिहास हा आहे. १७३७ सांगावा, जरूर सांगावा. दोराह्याला सहल न्यावी. पण त्याच सहलीत १८१२ चा वेढाही सांगावा, आणि तटावरून दगड फेकणाऱ्या त्या बायकांचाही अभिमान बाळगायला शिकवावं. त्या आता आपल्याच गावच्या आहेत.

महिनाभराने दसरा येईल, सीमोल्लंघनाचा दिवस. आपट्याचं पान घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाणं, एवढीच सीमा ओलांडायची आपल्या पिढीची रीत आहे. ती टिकावी, एवढंच मागणं या वर्षी गजाननाकडे.