दुसऱ्याचा श्वास : 'माइंडफुलनेस' आणि डिलाईल रोड

डिलाईल रोडच्या आसपास गिरण्यांच्या जागेवर ज्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या जगात 'माइंडफुलनेस' हा शब्द आता नवा नाही. डोळे मिटा, श्वासाकडे पाहा, चांगले-वाईट ठरवू नका. या साधनेचे मूळ बौद्ध आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या मुळातले काय घेतले आणि काय मागे राहिले?

मूळ पाली शब्द 'सती'. सहगमनाच्या सतीशी त्याचा संबंध नाही. संस्कृत 'स्मृती'चे ते पाली रूप. 1881 मध्ये टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी सुत्तांच्या इंग्रजी अनुवादात त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला आणि तोच रूढ झाला. मराठी वाचकाला मात्र 'स्मृती' म्हटले की आठवण दिसते, आणि ते योग्यच आहे. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात राजा मिलिंद सतीचे लक्षण विचारतो, तेव्हा भिक्षू नागसेन राजाच्या भांडारप्रमुखाचा दाखला देतो. हा अधिकारी सकाळ-संध्याकाळ राजाला त्याच्या हत्ती-घोड्यांची व धनाची आठवण करून देतो. तशी सती मनाला कुशल काय आणि अकुशल काय, याची आठवण देते. 'चांगले-वाईट ठरवू नका' या सूचनेपासून हे बरेच दूर आहे.

1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. धार्मिक परिभाषा त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवली. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांना त्याचा उपयोग झाला, तेव्हा त्याला भोंदूगिरी म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या दहा वर्षे आधी, जुलै 1969 मध्ये, ब्रह्मदेशातून आलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी भारतातले पहिले विपश्यना शिबिर मुंबईतच घेतले होते. पुढे इगतपुरीला मोठे केंद्र झाले. त्या शिबिरात श्वासाआधी पंचशील येते, आणि शुल्क घेतले जात नाही. हा फरक किरकोळ नव्हे.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती सतिपट्ठान सुत्तातली एक जोडी : 'अज्झत्त' आणि 'बहिद्धा', आत आणि बाहेर. साधकाने दोन्हीकडे पाहायचे आहे. श्वासाच्या प्रकरणी अट्ठकथा 'बहिद्धा'चा अर्थ स्पष्ट देते : दुसऱ्याचा श्वास. आजच्या वर्गांत सहसा पहिलाच शब्द उरतो.

आता शंभर वर्षांपूर्वीच्या डिलाईल रोडवर या. आजचा ना. म. जोशी मार्ग. 1920च्या दशकात येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी बरी असे. तेथे धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने, श्वास आत घेऊन ओढावे लागे. अस्पृश्य मानलेल्या कामगाराचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून ते खाते दलित कामगारांना बंद. कापसाच्या धुळीने भरलेल्या त्याच हवेत सगळे श्वास घेत होते, पण काहींचा श्वास 'विटाळ' ठरला होता. 1928च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी लावून धरली, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांची चांगलीच अडचण झाली.

याच गिरणगावात 1930च्या दशकात धर्मानंद कोसंबी आले. मूळचे गोव्याचे, श्रीलंका आणि ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिलेले, हार्वर्डसाठी 'विसुद्धिमग्ग' या ध्यानशास्त्राच्या महाग्रंथाचे संपादन केलेले. 'समाधिमार्ग' हे मराठी पुस्तक त्यांचेच. श्वासावर चित्त कसे ठेवावे, हे त्यांच्याइतके जाणणारा मराठी माणूस त्या काळी विरळाच. त्यांनी विहार उभारला तो डोंगरावर नव्हे, परळ-नायगावच्या कामगार वस्तीत. नाव ठेवले 'बहुजन विहार'.

आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती तेथे आहे. पण धम्माच्या केंद्रस्थानी त्यांनी माणसाचे माणसाशी असलेले नाते ठेवले. दुःखाचे कारण केवळ मनात शोधणे त्यांना मान्य नव्हते. विणकाम खात्याचा प्रश्न हाताळलेल्या माणसाला ते मान्य होणे अवघडच होते.

7 डिसेंबर 1956 रोजी त्यांची अंत्ययात्रा गिरणगावाच्या रस्त्यांवरून दादरच्या समुद्रकिनारी पोहोचली. तेथे भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या समुदायाने त्रिशरण आणि पंचशील एकत्र, मोठ्याने उच्चारले.