टायर दाब इशारा दिवा

टायर दाब इशारा दिवा हा मोटारीच्या डॅशबोर्डवरील पिवळा सूचक दिवा असून एका किंवा अधिक टायरांतील हवेचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यास तो पेटतो. घोड्याच्या नालेसारखा टायरचा छेद आणि त्यात उद्गारचिन्ह ही त्याची खूण होय. प्रवासी मोटारीत ही यंत्रणा प्रथम १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये आली. अमेरिकेत २००७ पासून, तर युरोपीय संघात २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारतात २०२० च्या नियमदुरुस्तीनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीत ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच व ही यंत्रणा असल्यास स्टेपनी बाळगणे बंधनकारक राहिले नाही. अशा मोटारीत या दिव्याकडे दुर्लक्ष करणे अर्थातच अधिक महागात पडते.

== प्रकार ==
प्रत्यक्ष यंत्रणेत प्रत्येक चाकात संवेदक असतो आणि तो मोजलेला दाब रेडिओ लहरींनी कळवतो. अप्रत्यक्ष यंत्रणा दाब मोजतच नाही. हवा कमी झालेल्या टायरची परिणामी त्रिज्या घटते व ते चाक इतरांपेक्षा जलद फिरते. हा फरक ती एबीएसच्या संवेदकांवरून ओळखते. त्यामुळे चारही टायरांतील हवा सारखीच उतरल्यास साध्या अप्रत्यक्ष यंत्रणेला ते कळत नाही.

== पुण्यातील हवामान ==
पुण्यात हिवाळ्यात पहाटे सुमारे १० अंश सेल्सियस, तर दुपारी ३० अंशांच्या आसपास तापमान असते. एवढ्या फरकाने टायरचा दाब चौरस इंचास सुमारे ३ पौंडांनी कमी-जास्त होतो. आधीच थोडी हवा गेलेल्या टायरमुळे म्हणून सकाळी दिवा पेटतो आणि दुपारी आपोआप विझतो. विझला म्हणजे दोष गेला, असा समज होतो. वस्तुतः हवा कमीच असते. हीच मोटार मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सतत वेगाने धावली की टायरच्या बाजू अधिक वाकतात, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटण्याचा धोका निर्माण होतो.

== दिवा घालवणे ==
दिवा घालवण्याचा योग्य मार्ग म्हणजे हवा भरणे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर पुढील व मागील टायरांचा दाब दिलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो; तो प्रमाण मानू नये. मोटार तीनेक तास उभी राहून टायर थंड झाल्यावर चारही टायर तपासावेत. लांबच्या प्रवासानंतर दाब वाढलेला दिसतो, म्हणून त्या वेळी हवा काढून टाकू नये.

प्रत्यक्ष यंत्रणेत हवा भरल्यावर थोडे अंतर चालवताच दिवा सहसा विझतो. अप्रत्यक्ष यंत्रणेत मात्र रीसेटचे बटण किंवा पडद्यावरील तसा पर्याय वापरावा लागतो. रीसेट करताना जो दाब असेल तोच यंत्रणा योग्य धरते. हवा न भरता बटण दाबल्यास दिवा विझतो खरा, पण कमी हवेलाच प्रमाण ठरवून यंत्रणा आंधळी होते. पंक्चर काढल्यावर किंवा टायरांची अदलाबदल केल्यावरही रीसेट आवश्यक असते.

मोटार सुरू करताच दिवा सुमारे मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बिघाड यंत्रणेतच असतो. जुन्या मोटारीत संवेदकाची बॅटरी संपणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. ती साधारणतः ५ ते १० वर्षे टिकते व बहुधा संवेदकासह बदलावी लागते. तोपर्यंत दाबमापकाने हाताने तपासणी करावी.