९११ की ९२८? एका निवडीचा इतिहास

घोडागाड्यांच्या काळात फ्रान्समध्ये बंद गाडीचा पुढचा भाग जणू कापून टाकून दोघांपुरती आटोपशीर गाडी बनवीत. 'कापलेली' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून तिला 'कूपे' म्हणू लागले. पुढे मोटारी आल्या, आणि दोन दारांच्या, उतरत्या छपराच्या छोट्या बंद मोटारीला तेच नाव चिकटले. 'ग्रँड टूरर' या नावाचे मूळ मात्र 'ग्रान तुरिस्मो', म्हणजे 'मोठा प्रवास', या इटालियन शब्दांत आहे. दोन माणसे आणि त्यांचे सामान घेऊन, न थकवता, शेकडो किलोमीटर वेगाने नेणारी ऐसपैस मोटार म्हणजे ग्रँड टूरर.

यांतली चांगली कोणती? श्रीमंत गिऱ्हाइकाला पडणारा हा प्रश्न विज्ञानाच्या मासिकात कशाला, असे वाचकांना वाटेल. पण हाच प्रश्न एकदा एका संपूर्ण कारखान्यापुढे उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधताना भौतिकशास्त्राचा आधार घेतला गेला, आणि तरीही उत्तर अपेक्षेप्रमाणे निघाले नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'अधिक चांगले' म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला ही हकिगत फार उपयोगी आहे.

मागच्या इंजिनाचा वारसा

जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहराच्या झुफनहाउझेन या भागात पोर्शे कंपनीचा कारखाना आहे. कंपनीचे संस्थापक फर्डिनांड पोर्शे यांनी फोक्सवागनची 'बीटल' मोटार आखली होती. तिचे हवेने थंड होणारे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असे. त्यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांनी १९४८ पासून तयार केलेली '३५६' ही स्पोर्ट्स मोटार याच घडणीतून निघाली. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात तिची वारसदार मांडली गेली. तिचे नाव होते '९०१'. मध्ये शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आम्ही वापरतो, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतली, आणि शून्याच्या जागी एक आला. अशी ही '९११'. सहा सिलिंडरांचे, दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन, आणि तेही अर्थातच मागे.

इंजिन मागे असण्याचे परिणाम काय होतात ते जरा पाहू या. ९११ चे जवळजवळ ६० टक्के वजन मागच्या चाकांवर पडत असे. याचा पहिला परिणाम फायद्याचा. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते आणि वजनही त्यांच्यावरच असते. घर्षणबल हे चाकावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते, हे आपण शाळेतच शिकवतो. त्यामुळे मोटार जागची हलताना किंवा ओल्या रस्त्यावर चढ चढताना चाके सहसा जागीच गरगरत नाहीत. ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकतो. ज्या मोटारीचे वजन मुळात मागे आहे तिच्यात तो अशा वेळी चारही चाकांवर बराचसा सारखा वाटला जातो, आणि चारही चाके ब्रेकचे काम करतात.

दुसरा परिणाम मात्र धोक्याचा. वळणावर मोटारीला केंद्राकडे ओढणारे बल टायर पुरवतात. मागच्या बाजूला ६० टक्के वस्तुमान असेल तर त्या बलाचाही ६० टक्के वाटा मागच्या टायरांनी उचलायला हवा. पण टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. थोडी कमीच वाढते. म्हणून मागचे टायर आधी हार मानतात. त्यातच वळणाच्या मध्यावर चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर भार पुढे सरकतो, मागच्या चाकांची पकड आणखी कमी होते आणि मोटारीचे शेपूट बाहेर फेकले जाते. कुशल चालकाला याचा उपयोग करून घेता येतो. नवख्याची मात्र स्वतःभोवती गिरकी होते.

कारखान्याला हे ठाऊक होते. सुरुवातीच्या काही मोटारींमध्ये पुढच्या बंपरच्या दोन टोकांना बिडाची ११-११ किलोची वजने बसवलेली असत! तराजूचे पारडे सावरायला धडा टाकावा तसाच हा प्रकार. १९६८ मध्ये अधिक शहाणा उपाय निघाला. इंजिन जागेवरच ठेवून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली. चाके इंजिनाच्या जवळ गेली, मागे लोंबकळणारा भार थोडा आत आला, आणि मोटार बरीच स्थिर झाली.

पुढच्या इंजिनाचा प्रस्ताव

तरीही १९७० च्या सुमारास या मोटारीचे दिवस भरले असे मानायला बरीच कारणे होती. मागे इंजिन असलेल्या मोटारींवर अमेरिकेत संशयाची नजर होती. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने शेव्हरोलेच्या 'कॉर्व्हेअर' मोटारीवर टीकेची झोड उठवली होती. धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत चालले होते. सिलिंडरभोवती पाण्याचे आवरण असले की आवाज दबतो आणि तापमान आटोक्यात ठेवणे सोपे जाते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ही सोय नाही.

१९७२ मध्ये पोर्शे कुटुंबाने कारखान्याचा दैनंदिन कारभार सोडला आणि सूत्रे एर्न्स्ट फूरमान यांच्याकडे आली. फूरमान हे हिशेब पाहणारे व्यवस्थापक नव्हते. ते इंजिनांचे जाणकार अभियंते होते, आणि पोर्शेच्या शर्यतीच्या मोटारींसाठी त्यांनी १९५० च्या दशकात एक गाजलेले इंजिन आखले होते. ९११ ची टर्बो आवृत्ती त्यांच्याच कारकिर्दीत, १९७४ मध्ये, जगासमोर आली. तरीही कारखान्याचे भवितव्य त्यांना वेगळ्या मोटारीत दिसत होते. ती मोटार म्हणजे '९२८'.

मार्च १९७७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ९२८ मांडली गेली. तिच्यात पाण्याने थंड होणारे, आठ सिलिंडरांचे, सुमारे साडेचार लिटरचे, २४० अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि ते पुढे होते. गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी नेलेली होती. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे वाटले गेले. दारे आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे होते, तरी मोटारीचे वजन सुमारे १४५० किलो भरले. आत ऐसपैस जागा, शांतता, आणि मोठ्या प्रवासाला लागणारे सारे सुख. ती खरीखुरी ग्रँड टूरर होती.

इथे वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग सुचवतो. लांब फूटपट्टी मधोमध धरा. तिच्यावर दोन सारखी वजने आधी मध्याजवळ आणि नंतर दोन टोकांना बांधून मनगटाने ती डावी-उजवीकडे फिरवून पाहा. दोन्ही वेळा एकूण वजन तेच आणि तोलही तोच, पण वजने टोकांना असताना फिरवणे जड जाते. फिरण्याला होणाऱ्या या विरोधाचे माप म्हणजे 'मोमेंट ऑफ इनर्शिया', मराठीत निरूढी परिबल. ९२८ च्या एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. म्हणजे ही टोकांना वजने बांधलेली फूटपट्टीच झाली. अशी मोटार दिशा बदलायला थोडी आळशी असते, पण एकदा सरळ धावू लागली की सहजासहजी विचलित होत नाही. रुंद महामार्गावर तासन्‌तास वेगाने जायचे तर हा गुणच म्हणायचा.

याखेरीज तिला 'वायझाख आस' नावाची मागच्या चाकांची नवी रचना दिलेली होती. वायझाख हे पोर्शेच्या संशोधन केंद्राचे गाव. वळणावर पाय उचलला की सामान्य मोटारीची मागची चाके किंचित बाहेरच्या दिशेला वळू पाहतात आणि शेपूट फेकले जाते. या रचनेत तीच बले चाकांना किंचित आतल्या दिशेला वळवत आणि मोटार सावरत. ९११ च्या जुन्या दुखण्यावर हे नेमके औषध होते. १९७८ साली ९२८ ला युरोपातली 'वर्षातली मोटार' हा मान मिळाला. स्पोर्ट्स मोटारीच्या वाट्याला हा मान सहसा येत नाही.

दोन मोटारी, एक गणित

आता त्याच सुमाराची ९११ घेऊ. १९७७ च्या उत्तरार्धात आलेल्या '९११ एससी'चे वजन सुमारे ११६० किलो आणि ताकद १८० अश्वशक्ती. दर टनामागे ताकद काढली तर ९११ ची सुमारे १५५ आणि ९२८ ची सुमारे १६५ येते. म्हणजे वेग घेण्याच्या बाबतीत जड मोटार मागे नव्हती. पण ताशी १०० किलोमीटर वेगाला दोघींची गतिज ऊर्जा काढून पाहा. ९११ ची साधारण साडेचार लाख ज्यूल येते, ९२८ ची साधारण ५ लाख ६० हजार. दर वेळी थांबताना ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. जादा लागणारी ताकद मोठ्या इंजिनातून येते आणि मोठे इंजिन जादा इंधन पिते. १९७३ च्या तेलटंचाईचा चटका ताजा असताना ही बाब क्षुल्लक नव्हती.

तरीही वळणावरचा तोल, शांतता, जागा, नव्या नियमांना तोंड देण्याची तयारी या सर्व रकान्यांत ९२८ ला अधिक गुण मिळत होते. तिच्यावर कारखान्याने मोठी आशा ठेवली होती आणि ९११ हळूहळू बंद करायची, असे ठरल्यासारखेच होते.

पण गिऱ्हाइके ९११ घेतच राहिली. तिचा नेटका आकार आणि हाताला लगेच कळणारा हलकेपणा त्यांना हवा होता. दोष त्यांना ठाऊक होता. तो सांभाळून चालवण्यात त्यांना गोडी वाटत होती.

१९८१ च्या सुरुवातीला पीटर शुट्स हे नवे प्रमुख आले. त्यांचा जन्म बर्लिनचा, पण ते लहानाचे मोठे झाले अमेरिकेत. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकिगत अशी: विकासप्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर कंपनीच्या मोटारींच्या पुढच्या योजनांचा तक्ता होता. इतर मोटारींच्या रेघा पुढे पुढे जात होत्या. ९११ ची रेघ १९८१ मध्येच थांबली होती. शुट्स यांनी पेन उचलले आणि ती रेघ तक्त्याबाहेर, थेट भिंतीवर ओढत नेली. बॉट यांना काय ते समजले.

दोषाशी संसार

रेघ ओढणे सोपे. तिला पुरे पडणे अवघड. त्यानंतरची कामगिरी अभियंत्यांची आहे. १९८८ मध्ये ९११ ला चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती मिळाली. १९९३ मध्ये मागची चाके धरणारी रचना मुळापासून बदलली, आणि वळणावर चाकाची दिशा योग्य राखण्याचा वायझाख आसेमागचा विचार ९११ मध्येही आला. १९९७ मध्ये हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले. इंजिनाची जागा मात्र तीच राहिली. मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ कारखान्यातून बाहेर पडली. ९२८ चे उत्पादन १९९५ मध्येच थांबले होते. अठरा वर्षांत तिच्या सुमारे ६१ हजार मोटारी झाल्या.

मग फूरमान चुकले का? आम्हाला तसे म्हणवत नाही. पाण्याने थंड होणारे इंजिन, शांतता, चुकणाऱ्या चालकाला सावरून घेणारी मागची चाके हे सर्व मुद्दे त्यांनी बरोबर ओळखले होते, आणि एकेक करून ते सगळे ९११ मध्ये आले. एवढेच नव्हे, तर २०१८ च्या अखेरीस आलेल्या पिढीतली ९११ सुमारे साडेचार मीटर लांब आणि सुमारे दीड टन वजनाची आहे. म्हणजे १९७७ च्या ज्या 'मोठ्या' ९२८ ला लोकांनी मागे सारले, तिच्यापेक्षाही ती थोडी लांब आणि थोडी जड आहे! जिंकलेल्या कूपेने हरलेल्या ग्रँड टूररचे बरेचसे गुण, आणि वजनही, अंगी बाणवले.

विद्यार्थ्यांशी बोलताना या हकिगतीतून दोन गोष्टी वेगळ्या काढता येतील. वजन मागे नेले तर काय मिळते आणि काय जाते, वजने टोकांना नेली तर काय होते, याचे उत्तर भौतिकशास्त्र चोख देते. त्यात आवडीनिवडीला वाव नाही. मात्र मिळालेल्याची किंमत जास्त मानायची की गमावलेल्याची, हे समीकरणात नसते. ते ठरवतात ती वस्तू वापरणारी माणसे, त्यांचे रस्ते, त्यांचा काळ आणि इंधनाचे भाव. आणि एकदा ते ठरले, की निवडलेल्या गोष्टीतला दोष वर्षानुवर्षे चिकाटीने कमी करत राहणे एवढे काम उरते. त्या कामासाठी पुन्हा भौतिकशास्त्राकडेच यावे लागते.