बेकारांची मोजदाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मजूरविषयक आकडेवारी गोळा करणारी सरकारी कचेरी १८८४ सालच्या कायद्यानें स्थापन झाली. इतर कचेऱ्यांप्रमाणें तीहि निमूटपणें काम करीत राहिली असती. परंतु बेकारीचा आकडा राज्यकर्त्यांस अप्रिय झाला म्हणजे त्याची झळ प्रथम मोजणाऱ्यासच लागते.

१९२९ च्या अखेरीस मंदी आली. १९३० च्या जानेवारींत राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनीं रोजगार वाढूं लागल्याचें जाहीर केलें. न्यूयॉर्क संस्थानाच्या उद्योगखात्याच्या प्रमुख फ्रान्सेस पर्किन्स यांनीं तें वर्तमानपत्रांत वाचलें, व आपल्या खात्याचीं पत्रकें पुढें घेऊन तें विधान जाहीरपणें खोडून काढलें. वादास जागा भरपूर होती. कारखान्यांच्या पत्रकांवरून कामावर किती हें कळे. कामावांचून किती, हें कोणासच नीट ठाऊक नव्हतें. १९३२ सालीं मजूरमंत्री डोक यांच्या आशादायक विधानास त्या कचेरीचे वृद्ध प्रमुख एथलबर्ट स्ट्युअर्ट यांनीं विरोध केला, तेव्हां वयाचा नियम दाखवून त्यांस घरीं बसविण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं मजूरमंत्र्याच्या खुर्चीवर पर्किन्सबाई आल्या, हा दैवाचा न्याय म्हणावयाचा!

१९४० पासून निवडक कुटुंबांस विचारण्याची पद्धत सुरू झाली. काम केलें काय? नसल्यास कामाचा शोध केला काय? शोध करणारा तो बेकार. निराश होऊन शोध सोडणारा बेकारांत धरला जात नाहीं. टीकाकारांचा मोठा आक्षेप येथेंच आहे, व तो पोकळ नव्हे. मात्र व्याख्या अपुरी असणें निराळें आणि आकडा खोटा असणें निराळें. १९६१ सालीं लबाडीचा आरोप झाला, तेव्हां केनेडी यांनीं प्राध्यापक गॉर्डन यांची समिति नेमली. तिला लबाडी आढळली नाहीं.

१९७१ च्या जानेवारींत बेकारी शेंकडा ६.२ वरून ६.० वर आली. मजूरमंत्री हॉजसन यांस ती घट फार महत्त्वाची वाटली. कचेरींतील हॅरल्ड गोल्डस्टीन यांनीं पत्रकारांस तिचें महत्त्व बेताचेंच असल्याचें सांगितलें. राष्ट्राध्यक्ष निक्सन संतापले. मार्चमध्यें पत्रकारांच्या त्या मासिक बैठकीच बंद झाल्या. इतक्यावर न थांबता निक्सन यांनीं कचेरींत ज्यू अधिकारी किती, याची गणती करविली. बेकारांच्या मोजणीवरून मोजणाऱ्यांच्या जातीच्या मोजणीपर्यंत मजल गेली! पत्रकारांच्या बैठकी बंद झाल्यावर सिनेटर प्रॉक्समायर यांनीं त्याच अधिकाऱ्यांस दरमहा काँग्रेसच्या समितीपुढें पाचारण करण्यास आरंभ केला.

नोकऱ्यांची गणना मात्र मालकांच्या पत्रकांवरूनच होत राहिली. कांहीं पत्रकें उशिरां येतात, म्हणून पहिला आकडा पुढील दोन महिन्यांत दोनदां सुधारला जातो. २०२५ च्या जूनमध्यें १,४७,००० नोकऱ्या वाढल्याचें प्रथम प्रसिद्ध झालें होतें. १ ऑगस्टला तो आकडा १४,००० वर आला. त्याच दिवशीं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीं आकड्यांत लबाडी असल्याचा आरोप करून कचेरीच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांस काढून टाकलें. पुरावा दिला नाहीं. ५ सप्टेंबरला, त्या गेल्यानंतर, जूनचा आकडा पुन्हां सुधारून आला: वाढ नव्हे, तर १३,००० ची घट.